आगरावरचा हुंकार

‘कळवतो’ हा शब्द निर्मात्यांना कोण शिकवतं देव जाणे, पण शिकवणारा पक्का असणार. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं. ऐकणारा मात्र त्याचा अर्थ ‘हो’ असाच लावून एसटीत बसतो आणि गाव येईपर्यंत मनातल्या मनात सत्काराला उत्तरसुद्धा देऊन टाकतो. निलेश म्हात्रेनं नेमकं हेच केलं होतं.

निलेश धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होता. राहायला रोह्यात भाड्याच्या दोन खोल्या, बायको मृणाली आणि तीन वर्षांची मनस्वी. कंपनीच्या गणेशोत्सवात एकांकिका बसवता बसवता त्याला लिहिण्याचं वेड लागलं. टीव्हीवर तेरा भागांच्या मालिकांचं पीक आलं तेव्हा त्यानंही एक लिहून काढली आणि मुंबईच्या दत्तात्रेय वैद्य नावाच्या निर्मात्यांकडे धाडली. त्यांनी बोलावलं. पण लिहिलेले कागद वाचायचा त्या धंद्यात रिवाज नाही. लेखकानं समोर बसून गोष्ट सांगायची आणि निर्मात्यानं ऐकायची.

वैद्यसाहेबांनी ऐकली. कशी ऐकली, तर पेपरवेट फिरवत, खिडकीबाहेर बघत. हूं नाही की चूं नाही. निलेश पेणकडच्या खाडीकाठचा, मिठागरावर, तिकडच्या बोलीत आगरावर, वाढलेला. त्याच्या गावाकडे गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणून हुंकार द्यायचा, ही अटच. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आई आणि तिच्या जोडीच्या बाया दिवसभर मीठ ओढताना गोष्टी सांगायच्या. सांगणारीचं तोंड चालायचं, बाकीच्यांचे हात आणि हुंकार. हुंकाराला तोंड उघडावं लागत नाही, काम थांबत नाही. अशा माणसाला वैद्यसाहेबांसमोर बसवल्यावर काय होणार? खाली पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, असं त्याला प्रत्येक वाक्याला होत होतं. शेवटाकडे आला तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. रिसीव्हरवर हात ठेवून ते म्हणाले, “उरलेलं नंतर. कळवतो.”

तेव्हा पौष होता. आता चैत्र उजाडला होता.

पहिली पाळी संपली की निलेश घरी जायच्या आधी अर्शदच्या एसटीडी बूथवर जायचा. अर्शद त्याचा शाळेतला दोस्त. भाऊ कुवेतला गेला आणि त्याच्या पैशातून हा बूथ उभा राहिला. निलेश काचेच्या खोक्यात शिरायचा, वैद्यसाहेबांचा नंबर फिरवायचा आणि थोड्या वेळानं बाहेर यायचा.

“आज काय?” अर्शद विचारायचा.

“जेवतायत.”

“काल पन जेवतच व्हते ना रे? काय खातो तरी काय तो मानूस?”

निलेश हसायचा. पण घरी पोचेपर्यंत ते हसू टिकायचं नाही. मृणाली दार उघडताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि काही न विचारता पाणी आणून द्यायची. तिचं ते न विचारणं त्याला सगळ्यात जास्त लागायचं. कंपनीतले लोक ‘लेखक’ म्हणून हाक मारत. पूर्वी त्याला गंमत वाटायची, हल्ली कान तापायचे. आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवत राहायचं की नाही, याचं उत्तर एका माणसाच्या तोंडात अडकून बसलं होतं आणि तो माणूस जेवत होता.

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाहीला निदान आवाज असतो.

मालिका खरं तर त्याच्या आईच्या गोष्टीवरच बेतलेली होती. उधाणाला समुद्राकडचा बांध फुटतो. फुटक्या जागेतून, म्हणजे खांडीतून, पाणी आत घुसतं. गाव चिखल टाकतं आणि पाणी तो वाहून नेतं. मग कामाला आलेल्या एका परमुलखातल्या गड्याला लोक सांगतात, तू खांडीत उभा राहा, पेंढ्याचा भारा छातीशी धर, आम्ही चिखल टाकतो आणि बांध धरला की तुला वर ओढतो. गडी बिचारा उभा राहतो. लोक चिखल टाकू लागतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत.

आई इथे थांबायची. “उरलेली उद्या,” म्हणायची. तो उद्या कधी आला नाही. लहानपणी निलेश हट्ट करायचा, तर पाठीत धपाटा बसायचा. शेवट निलेशनं स्वतःच्या मनानं लिहिला होता. टीव्हीवर घरोघरी बायामाणसं बघणार, मग गड्याला चिखलात कसं ठेवायचं? त्यानं गड्याला बाहेर काढून घरी पोचवलं होतं.

चैत्रातल्या एका सुट्टीला तो आईला भेटायला गावी गेला. सगुणाबाई साठीला आल्या तरी आगरावर जायचं सोडत नव्हत्या. घर बंद दिसलं म्हणून तो तसाच बांधावरून चालत आगरावर गेला. आई रस्त्याच्या बाजूला ट्रक भरायला गेली होती. तिचा डबा खोपटात टांगलेला होता. इथून तिथून एकही माणूस दिसत नव्हता.

दुपार ऐन भरात होती. वाफ्यांतलं पाणी आरशासारखं पडून होतं आणि मिठाच्या राशींकडे नजर ठरत नव्हती. वारा पडला होता. खाडीकडून एरवी येतो तो बगळ्यांचा, होड्यांचा, कसलाच आवाज नव्हता. स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपली होती. निलेश खोपटाच्या दारात बसला आणि त्याच्या डोक्यात पुन्हा वैद्यसाहेब शिरले.

आपलं सांगणंच चुकलं असेल का? पुन्हा बोलावलं तर नीट सांगता यायला हवं. एकदा मोठ्यानं म्हणून बघावं.

आगरावर एकट्यानं गोष्ट सांगायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. गाणं म्हण, शिव्या घाल, पण गोष्ट नको, असं आई लहानपणी बजावायची. ते आठवून तो स्वतःशीच हसला. एवढी केमिस्ट्री शिकलेला माणूस! त्यानं घसा खाकरला आणि रिकाम्या वाफ्यांना गोष्ट सांगायला सुरुवात केली.

गडी गावात आला, कामाला लागला, उधाण जवळ आलं.

“हं.”

निलेशनं मान वर केली. लांबच्या बांधापलीकडे कोणी काम करत असेल. उन्हात आवाज कुठल्या कुठे जातो. तो पुढे सांगू लागला. आणखी दोन वाक्यं झाली, तो श्वास घ्यायला थांबला आणि पुन्हा तेच आलं. तोंड मिटून दिलेला, जड, ओलसर हुंकार. मोठा नाही, लहान नाही. जिथे यायला हवा, बरोबर तिथे.

तो घाबरला का? घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तो सरसावून बसला. इतक्या दिवसांनी कोणीतरी ऐकत होतं. मुंबईत जिथे जिथे त्याचा पाय पोकळीत पडला होता, तिथे तिथे आता पायरी होती. त्याच्या आवाजाला धार आली. शब्द कुठून येत होते, त्यालाच कळेना. बांध फुटला, खांड बुजेना, गड्याला उभा केला, चिखल पडू लागला. प्रत्येक वाक्याला हुंकार आला.

“कोनाशी बोलत व्हतास रं?”

आई समोर उभी होती. डोक्यावरचं फडकं घामानं भिजलं होतं.

“कोणाशी नाही गो आये. मालिकेचं म्हणून बघत होतो.”

“गड्याची गोष्ट?”

“हो.”

सगुणाबाईंनी वाफ्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“पुरी केलीस?”

“नाय. चिखल टाकतात तिथपर्यंत आलो होतो.”

तिनं खोपटातला डबा काढला आणि न उघडताच काखेत घेतला. “चल घरा. आन ती कोनाला पुरी करून सांगू नको.”

“म्हणजे काय? मुंबईला सांगावीच लागेल ना!”

“मी पन एकदा हितं एकटीच सांगाया बसले व्हते. तुझ्यासारकीच.” ती पुढे चालू लागली. “गोष्ट पुरी झाली का ऐकनारा उठतो, निलेश. बसलाय तो बसू दे.”

घरी गेल्यावर त्यानं खोदून खोदून विचारलं, पण तिनं तो विषय पुन्हा काढू दिला नाही. निघताना एवढंच म्हणाली, “पोरीला जप.”

रोह्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला उमगलं की तो हुंकार आगरावरच राहिलेला नाही.

पाळी संपवून तो कुंडलिका नदीच्या काठी बसला होता. सहज, पुटपुटल्यासारखा, एक प्रसंग म्हणून बघितला आणि पलीकडच्या काठावरून हुंकार आला. चार दिवसांनी तो अलीकडच्या काठावरून आला. मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागून. निलेशनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणाला पटलं असतं? आणि दुसरंही कारण होतं. ते सांगताना त्याला लाज वाटली असती. त्याला हे हवं होतं.

कारण तो ऐकणारा दर्दी होता. एखादं वाक्य लांबलं, एखादा प्रसंग उगाच रडका झाला, की हुंकार यायचा नाही. निलेश तो प्रसंग खोडायचा, बदलायचा, पुन्हा म्हणून बघायचा. जमलं की आलाच. दोन महिन्यांत मालिका अशी काही घोटीव झाली की वाचताना निलेशच्याच अंगावर काटा यायचा. बूथवर जाणं त्यानं जवळजवळ सोडून दिलं. वैद्यसाहेबांचं मौन आता त्याला टोचत नव्हतं. शेवट मात्र तो कधी उच्चारत नसे. आईचं मानायचं म्हणून नाही, असं तो स्वतःला सांगायचा. शेवट झालेलाच आहे, त्यावर काम करायची गरज नाही, इतकंच.

एका संध्याकाळी तो जेवणाआधी टेबलाशी बसून गड्याचा प्रसंग म्हणत होता. चिखल गळ्यापर्यंत आला.

हुंकार टेबलाच्या पलीकडून आला. तिथे रिकामी खुर्ची होती.

निलेश थांबला. खोलीत कसला तरी वास होता. ओहोटीला खाडी उघडी पडते तेव्हा येतो, तो. मग समोरून पुन्हा आलं. या वेळी त्यानं काहीही सांगितलेलं नव्हतं.

“हं.”

त्याला पहिल्यांदा भीती वाटली. ‘पुढे?’ असं कोणीतरी विचारत होतं.

त्यानं कागद गुंडाळून कपाटात टाकले. महिनाभर ना वाचले, ना तोंडातून गोष्टीचा शब्द काढला. मनस्वी मांडीवर येऊन “गोष्ट” म्हणाली तर तिला खाऊ देऊन वाटेला लावायचा. कामावर, रस्त्यात, मोजकं बोलायचा. महिन्याभरात हुंकार आला नाही. सुटलो, असं त्याला वाटलं.

आणि नेमका तेव्हा निरोप आला. पाळी आटोपून येताना अर्शदनं बूथमधून हात करून बोलावलं. त्याचा चेहरा फुलला होता.

“अरे, तुझ्या जेवनाऱ्या साहेबाचा फोन व्हता! आल्या आल्या लाव म्हनाला. एका मालिकेची जागा रिकामी झालीय म्हनं. आजच काय ते ठरवनार.”

निलेश काचेच्या खोक्यात शिरला. पलीकडे वैद्यसाहेब स्वतः होते.

“म्हात्रे, तुमचं ते बांधाचं काय होतं? थोडक्यात सांगा. शेवटासकट. चॅनेलवाल्यांना तासाभरात सांगायचंय.”

“साहेब, मी उद्या मुंबईला येतो, समोर बसून...”

“उद्या दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असेन.”

काचेपलीकडे अर्शद दोन्ही मुठी आवळून ‘हो म्हण’ असं खुणावत होता. निलेशला मृणालीचं ते न विचारणं आठवलं. व्हॉल्व्ह आठवले. आईही आठवली, पण आई आगरावर होती आणि फोन हातात होता.

त्यानं सांगायला सुरुवात केली.

पलीकडे वैद्यसाहेब गप्प, नेहमीसारखे. अलीकडे, त्याच्या डाव्या कानापाशी, दोन माणसं जेमतेम मावतील अशा त्या खोक्यात, पहिल्याच वाक्याला हुंकार आला.

निलेशनं डोळे मिटले. थांबला असता तर सगळं गेलं असतं. तो सांगत राहिला. खोक्यात खाडीचा वास भरला. गडी खांडीत उभा राहिला.

“हं.”

चिखल कमरेपर्यंत आला.

“हं.”

गळ्यापर्यंत आला.

आता हुंकार आला नाही. कानाशी कोणी श्वास रोखून धरला असावा, तशी शांतता.

“शेवट?” वैद्यसाहेब म्हणाले.

निलेशनं शेवट सांगितला. उधाण ओसरतं. बांधाला भेग पडते, गडी स्वतःच चिखलातून वर येतो आणि चालत घरी जातो. घर कसं दाखवायचं म्हणून लिहिताना त्यानं मान वर करून समोर दिसलं तेच लिहिलं होतं. दुसरं घर त्याला कुठून सुचणार? हिरवं दार. कोपरा तुटलेली पायरी. दारात अबोलीची कुंडी. आत बायको मुलीला भरवत असते. गडी काही बोलत नाही. मुलीशेजारी जाऊन बसतो.

शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि आपण काय केलं ते त्याला कळलं.

“छान,” वैद्यसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला त्यानं अर्धं वर्ष काढलं होतं. “करू या आपण. मात्र एक, म्हात्रे. गोष्ट सांगायला येताना असे हुंकार द्यायला माणूस सोबत आणू नका. मला व्यत्यय येतो.”

फोन ठेवला गेला.

निलेश बाहेर आला. अर्शदनं त्याला मिठी मारली, मग जरा मागे झाला.

“मधेच दार कशाला उघडलंस रे?”

“कुठे उघडलं?”

“आत्ता. फोन ठेवायच्या आधी. उघडलं, मिटलं. मला वाटलं गरम व्हत असंल.” त्यानं खाली बघितलं. “आन पाय कुठं घातलेस? बघ, सगळा चिखल झाला.”

निलेश पुढचं ऐकायला थांबला नाही.

बाजारातून तो धावतच सुटला. ओळखीचे दोघे-तिघे काय झालं म्हणून ओरडले. घराची गल्ली आली. हिरवं दार उघडं होतं. अबोलीची कुंडी जागेवर होती. आतून मृणालीचा आवाज येत होता, रोजचा, हसरा. ती मनस्वीला भरवत होती आणि घास जावा म्हणून काहीतरी गोष्ट रचून सांगत होती.

त्याला हायसं वाटलं. तो पायरीवर उभा राहून धापा टाकू लागला.

दारातून मृणालीची पाठ दिसत होती. समोर पाटावर मनस्वी. गाल घासानं फुगलेले, तोंड मिटलेलं.

“मग त्या मुलीनं काय केलं,” मृणाली म्हणाली, “खिडकी उघडली.”

“हं.”

मृणाली मागे न वळता हसली. “बघ मनू, आज बाबापण हुंकार देतायत. आणि अहो, आल्या आल्या पाय तरी धुवायचे होते. आत्ताच फरशी पुसली होती मी.”

निलेशचे पाय तुटक्या पायरीवर होते. तो अजून आत गेलाच नव्हता.

मनस्वीनं घास गिळला. मग पाटावर थोडीशी सरकली, शेजारी जागा केली आणि ताटातला एक घास उचलून त्या बाजूला, वर धरला.